मागचा ब्रेक सुटत का नाही?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवणाऱ्या एन्ड्युरन्सचे मुख्यालयही तिथेच आहे. त्याच शहरात पावसाळ्यानंतर 'मागचा ब्रेक पकडतोय' म्हणून गाडी गॅरेजला आली, की पहिला उपाय बहुधा ठरलेला: ब्रेक रॉडच्या टोकाचा नट सैल करायचा. चाक मोकळे होते, बिघाड आत तसाच राहतो.

ब्रेक लागणे आणि सुटणे या क्रियांमागची ताकद सारखी नसते. लावताना पायाचा जोर असतो, आणि पेडल व रॉडच्या टोकाचा आर्म तो कितीतरी पटींनी वाढवतात. ड्रम ब्रेक सुटताना काम करतात फक्त स्प्रिंगा. त्यामुळे वाटेतला गंज ब्रेक लावताना जाणवतच नाही. पाय त्याला रेटून नेतो, स्प्रिंगला मात्र परतीचे तेवढेच अंतर जड जाते. म्हणून शोध परतीच्या वाटेचा घ्यायचा, आणि ती वाट मधोमध तोडून.

ड्रम ब्रेकमध्ये ही तोड सोपी आहे. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये घेऊन नट पूर्ण काढावा आणि रॉड आर्मपासून सोडवावा. आता चाक फिरले तर दोष बाहेरचा: पेडलची पिन गंजलेली, तिची स्प्रिंग तुटलेली किंवा नट जास्त आवळलेला. चेन ताणल्यावर हे हमखास होते. एक्सल मागे सरकतो, त्याच्याबरोबर आर्म मागे जातो आणि पेडलची २० ते ३० मिलिमीटरची मोकळी चाल संपते. तरी चेन ताणणारा हात ब्रेकच्या नटाकडे क्वचितच वळतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचे झाले. सीबीएस असेल तर मागचे पेडल पुढचा ब्रेकही ओढते, म्हणून अडकलेले पेडल दोन्ही चाकांना भोवते.

रॉड सोडूनही चाक जड असेल तर आर्म हाताने परत ढकलावा. ढकलल्यावर सुटले, तर शू पसरवणारा कॅम अडकला आहे. तरीही नाही सुटले, तर शूची स्प्रिंग, उखडलेले लायनर किंवा बेअरिंग पाहावी.

बहुतेक वेळा कॅमच निघतो. ब्रेक प्लेटच्या भोकातून जाणारा त्याचा दांडा वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याचे पाणी आणि आपली काळी माती दोन्ही आत घेतो. माती वाळली की दांडा भोकातच धरला जातो. वरून तेल मारणे हा उपाय नव्हे, ते लायनरवर उतरले तर ब्रेकच जातो. चाक काढावे, आर्म व दांड्यावरच्या खुणा पाहून ठेवाव्यात, कॅम बाहेर काढून पॉलिश पेपरने गंज उतरवावा, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्यावा. आतली धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते.

एक जुगाड मात्र धोक्याचा. लायनर झिजले की आर्म दांड्यावर एक दाता पुढे बसवतात, नव्या शूचे पैसे वाचतात. पण कॅम मग इतका फिरतो की जवळजवळ आडवा होऊन शूच्या टोकांमध्ये अडून बसतो, आणि परत फिरवण्याइतका जोर स्प्रिंगांत उरत नाही. आर्मजवळची झीज दाखवणारी खूण याचसाठी असते.

डिस्कला तोड ब्लीडिंग निपलवर. निपल जरा उघडल्यावर ऑइल उसळून चाक सुटले, तर दाब वर अडकला होता. मास्टर सिलिंडरच्या परतीच्या बारीक छिद्रात घाण असते, किंवा पुशरॉडला मोकळी चाल नसल्याने ते छिद्र झाकलेलेच राहते. गरम झालेले ऑइल फुगते, जायला वाट नसते आणि ब्रेक आपोआप आवळत जातो. दोन किलोमीटर नीट चालून मग पकडणारी गाडी बहुधा या प्रकारातली. निपल उघडूनही चाक जड राहिले तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकत्या पिना गंजलेल्या. पिस्टन मागे आणणारी वेगळी स्प्रिंग नसते. चौकोनी रबरी सील किंचित पिळवटते आणि पूर्ववत होताना त्याला ओढून घेते. म्हणून ब्रेक ऑइलच्या डबीत चुकूनही इंजिन ऑइल पडले, तर नुसते ते काढून भागत नाही: रबर फुगलेले असते, मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंतच्या सगळ्या सील आणि होज बदलावे लागतात.