गिरणीतील गरोदरपण

मुंबईच्या कापडगिरण्यांत रीलिंग व वाइंडिंग खात्यांत नायकिणीच्या, म्हणजे स्त्री-मुकादमाच्या, देखरेखीखाली सूत गुंडाळणाऱ्या स्त्रियांची मजुरी बहुधा उक्त्या कामावर ठरत असल्यामुळे, खाडा पडला की मजुरी बुडे. साहजिकच दिवस भरत आले तरी गरोदर बाई खात्यात येत राही, आणि बाळंतपणानंतर कामावर परतताना तान्ह्याला अफूची गोळी देऊन निजवण्याची चाल सर्रास होती. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्रीवैद्याने 1922 च्या सुमारास या दुःस्थितीची तपासणी केली.

जुलै 1928 मध्ये गिरणीकामगार स्त्रियांना प्रसूतिभत्ता देण्याच्या आसवले यांच्या विधेयकावर मुंबई कायदेकौन्सिलात बोलताना, मातेच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित असल्याने खर्चाचा मुख्य भार सरकारने उचलावा, परंतु स्त्रियांच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही त्यातून अंग काढू नये, अशी भूमिका डॉ. आंबेडकरांनी मांडली. ती मालकांना रुचली नसावी! या विधेयकातून झालेल्या 1929 च्या कायद्याने, हिंदुस्थानात प्रथमच, प्रसूतीच्या आगेमागे मिळून सात आठवडे मालकाने रोजी आठ आणे देण्याची तजवीज झाली. आठ आणे म्हणजे काही खैरात नव्हे. तरी तेवढा भुर्दंडही टाळावा म्हणून गरोदर बाईलाच कामावरून कमी करण्याची पळवाट निघाली, आणि 1961 च्या केंद्रीय कायद्याला प्रसूतिरजेच्या काळातील बडतर्फी बेकायदा ठरवावी लागली.