वारुळातला वारा

आकडेमोडीचा नाद आमच्या जुन्नर तालुक्याला आजकालचा नाही. नाणेघाट चढून कोकणातून देशावर येणाऱ्या वाटसरूला माथ्याशी जे लेणे लागते, त्याच्या भिंतीवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. यज्ञयागांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांची त्यात मोजदाद आहे, आणि ती आकड्यांनी मांडलेली आहे. लेख ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा. या देशातल्या अगदी जुन्या आकड्यांत त्याची गणना होते. त्यात शून्य नाही; शंभराला निराळी खूण, हजाराला निराळी. कोरणाऱ्याला घाम आला असेल तो छिन्नीने आणि घाटातल्या उन्हाने. हिशेबापायी त्याचा दगड काही तापला नाही. आकडेमोड केली की यंत्र तापते आणि यंत्र तापले की आकडेमोड चुकते, ही अडचण त्यानंतर जवळजवळ दोन हजार वर्षांनी उपटली.

ती आपल्याकडे अनुभवली ती मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने. होमी भाभांच्या या संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५५ च्या सुमारास एक लहान गट गणकयंत्र बांधायला बसला. गटातल्या बहुतेकांनी असे यंत्र डोळ्यांनी पाहिलेलेही नव्हते. आधी एक नमुना तयार झाला, मग पूर्ण यंत्र, आणि १९६० च्या फेब्रुवारीत ते कामाला लागले. १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ असे ठेवले. त्याचा आकार ऐका: १८ फूट लांब, ८ फूट उंच आणि अडीच फूट रुंद असे पोलादी कपाट! त्यात २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक. ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता त्यांना व्हॉल्व्ह म्हणजे काय हे सांगायला नको. रेडिओ लावला की थोड्या वेळाने लाकडी पेटीच्या मागची बाजू कोमट लागे आणि मांजर तिथे येऊन बसे. एकेका व्हॉल्व्हच्या तापतंतूला दोन वॉट वीज धरली, तरी २,७०० व्हॉल्व्हना पाच हजारांवर वॉट होतात. म्हणजे पाच विजेच्या शेगड्या एका कपाटात अहोरात्र पेटलेल्या! मुंबईच्या दमट हवेत त्या कपाटातून उष्णता बाहेर काढणे हे गणिताइतकेच मोठे काम होते. त्याही आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, अमेरिकेत ‘एनिॲक’ नावाचे यंत्र बांधले गेले. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि त्याला दीडशे किलोवॉट वीज लागे. तिथेही मोठमोठे पंखे घोंघावतच होते.

पुढे ट्रान्झिस्टर आला, चिप आली, यंत्रे आटली. पण माणसाची भूक त्याहून वेगाने वाढली. सगळ्यांत वेगवान यंत्रे अमेरिकेतल्या क्रे कंपनीची. त्यांच्या कपाटांतून शीतकपाटासारखे शीतद्रव्य नळ्यांतून खेळवावे लागे. १९८५ च्या ‘क्रे-२’ मध्ये तर सगळी मंडलेच एका निष्क्रिय द्रवात बुडवून ठेवलेली असत. आपल्या देशाला असे यंत्र हवे होते. हवामानाच्या कामासाठी दिल्लीला एक क्रे यंत्र १९८८-८९ च्या सुमारास आले खरे, पण ते अटींच्या साखळदंडात. त्याहून ताकदीचे यंत्र द्यायला अमेरिकेने नकार दिला. अणुबाँबचे गणित त्यावर होईल ही धास्ती.

नकाराचा असा उपयोग क्वचितच कोणी केला असेल. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे ‘सी-डॅक’, स्थापन झाले. प्रमुख होते विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. मुदत तीन वर्षांची आणि पैसा सुमारे ३० कोटी. त्यांनी क्रेच्या वाटेने जायचेच नाही असे ठरवले. एक प्रचंड तापणारा मल्ल उभा करण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या लहान चिपा घ्यायच्या आणि काम त्यांच्यात वाटून द्यायचे. एकेकीला एखाद्या छोट्या दिव्याइतकी वीजही लागत नसे. १९९१ साली अशा ६४ चिपांचे ‘परम ८०००’ उभे राहिले. पंगतीत एकाच वाढप्याला पळवून घामाघूम करण्यापेक्षा दहाजणांनी शांतपणे वाढावे, असा तो विचार. शीतद्रव्याच्या नळ्यांचे प्रकरणच निकालात निघाले. साधा वारा पुरला. परमची स्तुती करताना लोक त्याच्या वेगाचे आकडे सांगतात. मला त्यातला हा काटकसरीचा भाग अधिक मोठा वाटतो.

आता वाचक म्हणतील, हे सगळे सांगायला तुम्हाला वारूळवाडीत बसून काय कारण पडले? कारण घरचेच आहे. नारायणगावाला लागून असलेल्या आमच्या या गावात मी निवृत्त शिक्षक म्हणून राहतो. थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे, आजारपण निघाल्यापासून ती आणि तिची मुलगी माझ्याकडेच असतात. आक्काची झोप पाखरासारखी: पान हलले तरी जाग येते, आणि एकदा मोडली की पहाटेपर्यंत पुन्हा लागत नाही. डॉक्टरांनी औषधांइतकाच झोपेवर भर दिला आहे. इकडे भाचीचा अभ्यास रात्रीचा. ती खगोलशास्त्र शिकते, आणि खोडदच्या दुर्बिणीने टिपलेली जी सामग्री सर्वांसाठी खुली आहे, ती घेऊन घरीच आकाशाची चित्रे बनवते. तिच्याकडचे जुने संगणकयंत्र दुसऱ्या हाताचे. काम जड झाले की ते पिठाच्या गिरणीसारखे गरगरू लागते. घरात माजघर एकच. उन्हाळ्यातही रात्री खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात तर उसातला बिबट्या अंगणापर्यंत येतो. तेव्हा मायलेकींपैकी एकीचीच रात्र साधायची, अशी वेळ आली होती.

“मामा, यंत्र नवं बांधायचं. लहान पाहिजे, आणि गप्प पाहिजे,” भाची म्हणाली.

“पाण्याने गार करणारी यंत्रं निघालीत म्हणे?”

“निघालीत. पण पंप लागतो, आणि पंपही गुणगुणतोच. कधी गळलं तर नारायणगावात ते दुरुस्त कोण करणार? वाऱ्यावरच भागवू.”

भटकरांचीच परंपरा म्हणायची!

मग दिवाळीच्या सुटीत आम्ही वही घेऊन हिशेब मांडला. मला वाटले होते, यात बाजारभावाचा प्रश्न अधिक असेल. निघाला तो सातवीच्या विज्ञानाचा. यंत्राने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. समजा २०० वॉट. पेटीत शिरलेली हवा बाहेर पडताना दहा अंशांनीच तापलेली असावी असे ठरवले, तर दर सेकंदाला सुमारे १८ लिटर हवा पेटीतून गेली पाहिजे. म्हणजे सेकंदाला एक मोठी कळशीभर वारा. एप्रिलात खोलीत ३८ अंश असतील तर बाहेर पडणारा वारा ४८ चा. वाऱ्याने खोलीपेक्षा गार कधीच होत नाही, एवढे पक्के ध्यानात ठेवायचे.

ही कळशी ओतायची कशी, यात सारी गोम आहे. छोटा पंखा जिवाच्या आकांताने फिरवा, किंवा मोठा पंखा सावकाश फिरवा, वारा तेवढाच. आवाजात मात्र जमीनअस्मानाचे अंतर. पंख्याची गती निम्मी केली की त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि कानाला दहा डेसिबलची उतरण हीच निम्मी वाटते. खळ्यावर धान्य उफणणारी बाई सूप कसे धरते ते पाहावे: घाई नाही, वारा मात्र भरपूर. म्हणून १२ किंवा १४ सेंटिमीटर व्यासाचे पंखे घ्यायचे आणि ते अर्ध्या गतीने चालवायचे, असे ठरले.

चिपेवरची उष्णता पंख्यापर्यंत नेणारी वस्तू तर मला फारच आवडली. तांब्याची बंद नळी, आत थोडेसे पाणी आणि बाकी निर्वात. चिपेकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, तिथे तिचे पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते परत येते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाखाली जे घडते तेच. फिरणारा भाग एकही नाही. १९६३ साली अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती करून दाखवली. चिप आणि तांबे यांच्यामध्ये एक लेप लावतात, तो पोळीवरच्या तुपाइतकाच पातळ हवा; जाड थापला की उष्णता अडते.

वेगाच्या हव्यासाला उष्णतेनेच एकदा लगाम घातला होता, हेही भाचीकडूनच कळले. १९९३ चा पेंटियम पंधरा वॉटच्या आसपास वीज घेई. २००४ पर्यंत त्याच्या वंशजांनी शंभर ओलांडले. नखाएवढ्या तुकड्यावर शंभर वॉट! कंपनीला पुढची आखलेली चिप सोडून द्यावी लागली, आणि सगळा धंदा एका चिपेत अनेक गाभे बसवण्याकडे वळला. पुण्यात १९९१ साली जी वाट धरली होती तिच्यावरच जग आले, असे म्हणण्याचा मोह मला होतो. भाची म्हणते, एवढे सोपे नाही. असो. तिने निवडलेली चिप ६५ वॉटची आहे आणि मूळ पाट १७ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद. हे माप २००१ पासून रूढ आहे. टिफ्रॅकच्या कपाटात अशा पेट्या किती मावतील याचा हिशेब बालवाचकांनी सुटीत करावा.

पेटीवरून मात्र आमचा वाद झाला. दुकानांत हल्ली काचेच्या बाजूंच्या, आत रंगीत दिवे लुकलुकणाऱ्या पेट्या मिळतात. दिवाळीचे दिवस, मला ती मखरासारखी शोभा बरी वाटली. भाची म्हणाली, “पोलादीच हवी. गप्प म्हणजे कानालाच गप्प नव्हे, मामा. खोडदलाही गप्प.”

हे आमच्या भागाचे वैशिष्ट्य बाहेरच्यांना सांगायला हवे. नारायणगावाजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ एका चौरस किलोमीटरच्या आत, बाकीच्या तीन फाट्यांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. ती इथे आली याचे एक कारण म्हणजे हा डोंगरांनी वेढलेला, रेडिओलहरींच्या दृष्टीने शांत मुलूख. दूरच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनची कुजबुज इतकी क्षीण, की चंद्रावर एखादा मोबाइल ठेवला तर तोही या आकाशात तळपता तारा ठरावा. आणि संगणक म्हणजे रेडिओलहरींचा गोंगाटच. त्याच्या आतले टोले सेकंदाला कोट्यवधी वेळा पडतात आणि नेमके दुर्बीण जिथे कान देते त्या पट्ट्यांत घुमतात. खुद्द दुर्बिणीला मात्र संगणकावाचून गत्यंतर नाही: ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या, आणि प्रत्येक जोडीचे संकेत क्षणोक्षणी ताडून पाहायचे. आरंभी हे काम खास बांधलेली यंत्रणा करी. २०१० च्या सुमारास बाजारात मिळणाऱ्या संगणकांचा ताफा ते करू लागला. तो ताफा धातूने मढवलेल्या खोलीत ठेवावा लागतो, नाहीतर दुर्बिणीला स्वतःच्याच डोक्यातला आवाज ऐकू यायचा!

शांतता फुकट मिळत नाही. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या आखणीवर दुर्बिणीला बाधा येण्याच्या कारणाने आक्षेप आला, तेव्हा इथल्या पारावर बरेच कडू बोलणे झाले. टोमॅटो नारायणगावच्या बाजारात आणणाऱ्याला रेल्वे हवी, हे मला कळते. दुर्बीण पुन्हा कुठे बांधता येणार नाही, हेही कळते. माझे मत दुर्बिणीकडे झुकते. पण माझ्या शेतात टोमॅटो नाहीत.

पोलादी पेटीतून वारा कसा जायचा, हा माझा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर खोडदच्या माळावर उभे आहे. तिथल्या तबकड्या भरीव नाहीत. बारीक तारेच्या जाळ्या दोरांवर ताणून केलेल्या आहेत. जाळीची भोके एकदोन सेंटिमीटरची, ऐकायच्या लहरी २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब. लहरीला ती भोके दिसतच नाहीत, ती भिंत समजून परत फिरते. वारा मात्र आरपार जातो. म्हणून तबकडी हलकी आणि स्वस्त झाली. पेटीच्या पोलादी जाळीचेही तसेच: वाऱ्याला वाट, लहरीला बऱ्याच अंशी अटकाव. काचेला हे साधत नाही. मखर रद्द झाले.

आणि आमच्या गावाच्या नावातच वारूळ आहे, ते विसरून कसे चालेल? नागपंचमीला आपण त्याची पूजा करतो, पण ते बांधते वाळवी. लाखो जिवांचा श्वास आणि उष्णता त्यातून कशी बाहेर पडते, याची उपपत्ती स्विस शास्त्रज्ञ मार्टिन ल्युशर यांनी मांडली होती: आतली ऊन हवा मधून वर चढते आणि भिंतींतून खाली उतरते. १९९६ साली हरारे शहरात मिक पियर्स यांनी वारुळावरून स्फूर्ती घेऊन मोठी इमारत बांधली. पुढे बंगळूरला आपल्याकडच्याच वारुळांत बारीक उपकरणे घालून मोजणी झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जरा वेगळा निघाला: दिवसा बाहेरच्या पातळ कडा आधी तापतात, म्हणून हवा कडांतून वर आणि मधून खाली, रात्री कडा आधी निवतात आणि प्रवाह उलटतो. दिवसभर साठलेला कर्बवायू रात्री निघून जातो. वारूळ म्हणजे शीतकपाट नव्हे, ते फुप्फुस आहे.

भाचीने ही गोष्ट ऐकून घेतली आणि पेटी उभी ठेवायचे ठरवले: वारा खालून घ्यायचा, वरून सोडायचा. ऊन हवा आपण होऊनही वरच जाते, पंख्याला तेवढीच मदत. नुसत्या तिच्यावर मात्र भागत नाही. एवढ्याशा पेटीत २०० वॉटना तो ओढा फार दुबळा. खाली धुळीसाठी काढता-घालता येणारी जाळी, कारण कांद्याच्या चाळी भरू लागल्या की इथे पापुद्रे उडतात. ती दर पंधरवड्याला झटकायचे काम माझ्याकडे आले आहे. पेटी टेबलावर आक्काच्या खाटेपासून आठ फुटांवर, भिंतीपासून वीतभर सुटी; तिच्याखाली जुन्या सतरंजीची चौपदरी घडी, म्हणजे टेबल घुमणार नाही. सामान पाडव्याच्या आसपास यायचे आहे. पहिल्या रात्री यंत्रावर सगळ्यांत जड काम लावायचे आणि आक्काला काही सांगायचे नाही, असा मायलेकींपैकी एकीशी माझा कट झाला आहे.