जुन्या अमेरिकन नाण्यांची प्रतवारी व लिलावातील मूल्य : मॉर्गन डॉलरच्या संदर्भात

प्रस्तावना :
नाणे हे इतिहासाचे विश्वसनीय साधन मानले जाते. राजवटींचा कालानुक्रम, धातूची शुद्धता, व्यापाराची व्याप्ती अशा अनेक बाबींवर नाण्यांमुळे प्रकाश पडतो. परंतु तेच नाणे लिलावात आले की त्याची किंमत कशावर ठरते, हा प्रश्न नाणकशास्त्राइतकाच इतिहासलेखनाच्या पद्धतीशीही निगडित आहे. नाणे जितके जुने तितके मौल्यवान, ही सर्वसामान्य समजूत अनुभवास उतरत नाही. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरच्या आधारे दुर्मीळता, प्रतवारी आणि मूल्य यांच्या परस्परसंबंधाचा विचार केला आहे.

टाकसाळीचे आकडे आणि प्रत्यक्ष शिल्लक :
इ.स. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अमेरिकन सरकारवर दरमहा किमान २० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडण्याचे बंधन आले. जॉर्ज मॉर्गन या मूळच्या इंग्रज कारागिराने रेखाटलेले हे डॉलर १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडले गेले. नाण्याचे वजन २६.७३ ग्रॅम असून त्यात ९० टक्के चांदी आहे. एकूण नाणी ६५ कोटींच्या घरात जातात. मात्र व्यवहारात एवढ्या नाण्यांची गरज नसल्याने त्यांपैकी बहुसंख्य नाणी हजार-हजारांच्या पिशव्यांतून सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिली.

या साठ्याचा भारताच्या चलनाशी निकटचा संबंध आला. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतातील निर्यात वाढली, रुपयाची मागणी वाढली आणि नोटांच्या बदल्यात चांदीचे रुपये देणे ब्रिटिश सरकारला कठीण होऊ लागले. एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा संमत केला. त्यान्वये सुमारे २७ कोटी डॉलर वितळवण्यात आले आणि त्यांपैकी जवळजवळ २५ कोटी ९० लाख डॉलरची चांदी ब्रिटनला भारतासाठी विकण्यात आली. एका डॉलरमध्ये सुमारे २४ ग्रॅम आणि तत्कालीन रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असे. म्हणजेच एका डॉलरच्या चांदीतून साधारण सव्वादोन रुपये होत. मुंबई व कलकत्ता येथील टाकसाळींना त्या काळी रुपयांसाठी चांदीची निकड होती, त्यामागील हा व्यवहार आहे.

संग्राहकाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची बाब अशी की, कोणत्या वर्षाची आणि कोणत्या टाकसाळीची किती नाणी वितळली याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे टाकसाळीच्या अहवालातील आकडा हा किती नाणी पाडली याचा पुरावा आहे, किती उरली याचा नव्हे. १८९५ च्या फिलाडेल्फिया टाकसाळीच्या नोंदीत चलनासाठीची १२,००० नाणी दिसतात. प्रत्यक्षात मात्र संग्राहकांसाठी खास पाडलेली ८८० नाणीच त्या वर्षाचे प्रतिनिधित्व करतात. याउलट, न्यू ऑर्लीन्सचा १९०३ चा डॉलर अत्यंत दुर्मीळ समजला जात होता आणि न वापरलेल्या नाण्याची किंमत सुमारे १,५०० डॉलर मानली जाई. १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून त्याच्या पिशव्याच बाहेर आल्या आणि ही किंमत कोसळली.

प्रतवारीचा उगम :
विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये १७९३ ते १८१४ या काळातील अमेरिकन सेंटसाठी १ ते ७० अंकांची श्रेणी मांडली. ही श्रेणी मुळात किमतीची होती. नाण्याच्या प्रकाराचे मूळ मूल्य २ डॉलर आणि श्रेणी ३० असेल, तर किंमत ६० डॉलर, असा तो सरळ गुणाकार होता. बाजारभाव बदलताच हा हिशोब निरुपयोगी ठरला. अंक मात्र टिकले आणि पुढे सर्व अमेरिकन नाण्यांना लागू झाले. पुढे असेही उघड झाले की, शेल्डन यांनी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी हलक्या प्रतीची नाणी ठेवली होती. जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्यावर ही अदलाबदल सिद्ध झाली आणि संस्थेला न्यायालयीन लढा द्यावा लागला. अंकांपेक्षा नाण्याच्या मालकीपरंपरेचा पुरावा किती महत्त्वाचा असतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

परीक्षणाची पद्धत :
मॉर्गन डॉलरची झीज प्रथम स्वातंत्र्यदेवतेच्या कानावरील केसांवर आणि गरुडाच्या छातीवर दिसते. मात्र न्यू ऑर्लीन्सच्या अनेक नाण्यांवर ठसा मुळातच पुसट उमटलेला असतो. त्यास झीज समजणे चूक ठरते. अशा वेळी धातूची मूळ झळाळी कायम आहे काय, हे पाहावे लागते. ६० पासून पुढील अंक न वापरलेल्या नाण्यांसाठी असतात. तेथे निर्णय होतो तो प्रामुख्याने गालावरील खुणांवरून, कारण पिशव्यांत नाणी एकमेकांवर आपटत. घासून चकचकीत केलेले नाणे अननुभवी खरेदीदाराला अधिक चांगले वाटते. वस्तुतः त्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा नष्ट झालेला असतो.

एका अंकाने किती फरक पडतो हे सॅन फ्रान्सिस्कोच्या १८८४ च्या डॉलरवरून कळते. अशी ३२ लाख नाणी पाडली गेली. वापरलेले नाणे सहज मिळते; न वापरलेले नाणे हजारो डॉलरला जाते आणि निर्दोष नाण्याची बोली लाखांवर पोचते. अशा ठिकाणी लबाडीलाही वाव असतो. सॅन फ्रान्सिस्कोचे १८९३ चे डॉलर फक्त एक लाख पाडले गेले. म्हणून त्याच वर्षाच्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर ‘एस’ हे अक्षर चिकटवून ते विकण्याचे प्रकार घडले.

या अनिश्चिततेवर उपाय म्हणून १९८६ आणि १९८७ पासून पीसीजीएस व एनजीसी या संस्था नाणी तपासून, अंक देऊन, प्लास्टिकच्या बंद पेटीत देऊ लागल्या. त्यामुळे बनावट नाण्यांना बराच आळा बसला. तथापि पेटी फोडून तेच नाणे अधिक अंकाच्या आशेने पुन्हा तपासणीस पाठवण्याची प्रथाही रूढ झाली. तोच पुरावा दोनदा वाचून दोन निष्कर्ष निघत असतील, तर तो अंक मोजमाप नसून तज्ज्ञांचे मत आहे, हे मान्य करावे लागते.

निष्कर्ष :
जुन्या नाण्याचे लिलावातील मूल्य त्याच्या वयावर किंवा केवळ टाकसाळीच्या आकड्यावर ठरत नाही. किती नाणी उरली, कोणत्या स्थितीत उरली आणि त्याविषयी कोणाची साक्ष विश्वसनीय आहे, यांवर ते अवलंबून असते. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नव्या पुराव्याने बदलू शकतात. म्हणून अभ्यासकाने कागदपत्रास जी साधनचिकित्सा लावावयाची, तीच खरेदीदाराने पेटीवरील अंकास लावणे आवश्यक ठरते. आज चांगल्या स्थितीत उपलब्ध असलेला १९२१ पूर्वीचा प्रत्येक मॉर्गन डॉलर १९१८ च्या कायद्यानंतरच्या भट्टीतून वाचलेला आहे. त्याच्या किमतीचा काही भाग भारतीय रुपयात मिसळून गेलेल्या त्याच्या कोट्यवधी जोडीदारांनी ठरवला आहे.