दारात उभा राहिलेला नवखा



संघटनेच्या दारात नवा माणूस आला की जुन्यांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. हा कामास येईल काय? आणि याला कोणी पाठविले तर नाही ना? कामगार चळवळीचे हे प्रश्न आता संगणकाच्या जगालाही पडू लागले आहेत.

१९९१ साली हेलसिंकीच्या लायनस टॉरवाल्ड्स ह्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स ह्या कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि सर्वांना खुला केला. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. कोणत्या कामाला किती जागा द्यावयाची, कोणाला आत घ्यावयाचे, हे तोच ठरवितो. खुला म्हणजे कोणीही वाचावा, दुरुस्ती सुचवावी. ह्या दुरुस्तीला पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात. २००४ पासून गाभ्यातील प्रत्येक ठिगळावर ते आणणाराची सही लागते.

२०१५ साली कीस कूक यांनी ह्या गाभ्याच्या स्वसंरक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. स्मृतीतील जागेचे माप काम चालू असताना ठरविण्याची एक जुनी सवय आज्ञावलीत जागोजाग होती. माप चुकले की शेजारची माहिती तुडविली जाई. २०१८ मध्ये अनेकांनी वाटून घेऊन अशा जागा शोधल्या आणि वर्षाअखेरच्या ४.२० ह्या आवृत्तीपर्यंत त्या नाहीशा केल्या. अशा कामाला चिकाटी लागते, आणि नवख्याला शिकावयास तीच जागा उत्तम.

आता दुसरी बाजू पाहू. माहिती आटोपशीर बांधणारे एक्सझेड नावाचे साधन असंख्य लिनक्स संगणकांत असते. फिनलंडचे लासे कॉलिन ते बव्हंशी एकटेच, बिनपगारी सांभाळीत. २०२१ मध्ये ‘जिया टॅन’ नावाने कोणी मदतीस आला. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी कॉलिन यांच्यामागे कामाच्या दिरंगाईचा तगादा लावला. आपली प्रकृती ठीक नसल्याचे कॉलिन यांनी उघड सांगितले होते. हळूहळू अधिकार टॅनच्या हाती आले, आणि फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत चोरदरवाजा शिरला.

तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. दूरच्या संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्याच शंकेचा त्यांनी पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे जाहीर केले. चोरदरवाजा बहुतेक चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता. म्हणून मोठा अनर्थ टळला.

यावरून कोणी म्हणेल, दारच बंद करा. मला हे मान्य नाही. फ्रॉइंड तरी त्या साधनाचे कोण होते? तेही बाहेरचेच, दार उघडे होते म्हणून आत डोकावू शकले. खरी चूक, साऱ्या जगाने वापरावयाची वस्तू एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर टाकण्याची. एकट्या चिटणिसावर चालणारी युनियन कशी फोडतात, हे आम्हा कामगारांना नव्याने सांगावयास नको.

म्हणून तरुणांना माझे सांगणे असे: ह्या कामात जरूर जा. आधी वाचा, तपासा, लहान चूक दुरुस्त करा. आपले ठिगळ चार जणांनी उसवून पाहिले तर राग मानू नका. दुसऱ्याचेही तसेच पाहा. आणि कोठे एकटा माणूस भार वाहताना दिसला, तर तगादा न लावता त्याचे अर्धे ओझे उचला.