खुब्याचा सांधा व चार्न्लींचें अपयश

वृद्ध माणसाचा झिजलेला खुबा बदलला आणि तो चार दिवसांत काठी घेऊन चालूं लागला, ही गोष्ट आपण आतां इतक्या सहजपणें ऐकतों कीं, या उपायामागें इंग्लंडांतील सुमारें तीनशें रोग्यांच्या यातना उभ्या आहेत, हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. त्या यातनांची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों.

प्रयत्न जुनेच होते. बर्लिन येथें ग्लुक यानें १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसविले. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यानें १९२३ सालीं कांचेची वाटी करून पाहिली, ती फुटली. लंडनच्या वाइल्स यानें १९३८ सालीं पोलादाचा संपूर्ण सांधा घडविला. पॅरिसच्या ज्युदे बंधूंनीं १९४६ मध्यें अॅक्रिलिकचा गोळा वापरला, आणि येथेंच आमचा कथानायक प्रवेश करतो.

जॉन चार्न्ली (१९११–१९८२) हे लँकेशायरमधील बरी गांवचे. ज्युदे-गोळा बसविलेला एक गृहस्थ त्यांच्याकडे आला. त्याचा सांधा इतका करकरे कीं, त्याच्या पत्नीस त्याच्याजवळ बसवेना! इतरांनीं हंसून सोडून दिलें असतें. चार्न्लींनीं मात्र त्या आवाजाचा अर्थ लावला: करकर म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे गोळा हाडांतून सैल होणें. म्हणून त्यांनीं पोलादी गोळा मुद्दाम लहान, सुमारें २२ मिलिमीटरांचा केला, वाटी निसरड्या टेफ्लॉनची घेतली आणि दोन्ही भाग दंतवैद्यांच्या अॅक्रिलिक सिमेंटानें हाडांत पक्के बसविले. विचार अचूक होता. द्रव्य मात्र चुकलें.

आरंभीं रोगी आनंदानें चालत घरीं गेले. दोनतीन वर्षांत वाट्या झिजल्या, आणि झिजेच्या कणांनीं सभोंवतालचें हाड पोखरलें. कण निरुपद्रवी असतील काय, हें पाहण्यास चार्न्लींनीं टेफ्लॉन स्वतःच्या मांडींत घालून घेतलें. तेथेंही दाह झाला. अशा वेळीं अपयश दडविणें सोपें असतें. त्यांनीं तें दडविलें नाहीं. बिघडलेले सांधे काढण्याचें काम त्यांनीं स्वतः अंगावर घेतलें. यांतच त्यांचें मोठेपण आहे, असें आम्हांस वाटतें.

उपाय अनपेक्षित दिशेनें आला. १९६२ च्या मे महिन्यांत एका विक्रेत्यानें कापडगिरण्यांच्या मागांतील दंतचक्रांसाठीं वापरलें जाणारें कठीण पॉलिएथिलीन आणलें. चार्न्लींनीं तें अंगठ्याच्या नखानें टोचून पाहिलें व वेळ दवडूं नको म्हणून सांगितलें. त्यांचा यंत्रकारागीर हॅरी क्रेव्हन यानें, साहेब परगांवीं असतां, तें झिजयंत्रावर चढविलेंच. तीन आठवड्यांनंतरची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहूनही कमी! त्याच नोव्हेंबरांत नव्या वाट्या रोग्यांस बसूं लागल्या. एका कारागिरानें धन्याची आज्ञा शब्दशः पाळली असती तर काय झालें असतें, हा विचार आम्हांस अस्वस्थ करतो.

दुसरें संकट पूचें. आरंभीं शेकडा सातांच्या आसपास सांधे जंतूंनीं दूषित होत. विगनजवळचें राइटिंग्टन रुग्णालय पूर्वीं क्षयरोग्यांचें; तेथें चार्न्लींनीं शस्त्रक्रियागृहांतच काचेचें बंदिस्त दालन उभारून त्यांत गाळलेली हवा खेळविली, शस्त्रवैद्यांचा श्वासही नळीनें बाहेर नेला, आणि तें प्रमाण शेकडा एकाच्या खालीं आणलें. हांबुर्गच्या बुखहोल्ट्स यांनीं सिमेंटांतच जंतुनाशक औषध मिसळण्याची रीति काढली. दूषित सांधा काढून नवा बसवितांना ती आजही उपयोगीं पडते. पॉलिएथिलीनचे कणही पुढें पंधरावीस वर्षांनीं हाड खाऊं लागतात असें आढळलें, व त्यासाठीं अधिक टिकाऊ वाट्या निघाल्या. पण तो वेगळा इतिहास आहे.

चार्न्लींची एक मागणी मात्र सांगावयाची राहिली. मृत्यूनंतर बसविलेला सांधा तपासणीसाठीं परत द्यावा, असें ते रोग्यांस विनवीत. अनेकांनीं तें आनंदानें कबूल केलें, आणि त्या परत आलेल्या वाट्यांची झीज मोजून पुढल्या रोग्यांचे सांधे घडविले गेले.