उजळाईवाडी ते मुंबई : हवाई अंतराच्या अभ्यासाची प्रस्तावना

कोल्हापुरात ‘मुंबई किती लांब?’ असे विचारले, तर उत्तर किलोमीटरमध्ये क्वचितच मिळते. ‘रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी मुंबई!’ अंतर आणि वेळ यांची ही सरमिसळ व्यवहारात खपते. या अभ्यासात मात्र ती आधी सोडवावी लागते आणि त्यासाठी कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईला जाणारा हवाई मार्ग फार सोयीचा आहे : लहान, ओळखीचा, थोडा फसवा.

दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे २.४३ अंशांचा फरक आहे. एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे उत्तरेकडे २७०. रेखांशांतला फरक १.४२ अंश, आपल्या पट्ट्यात रेखांशाचा अंश १०६ किलोमीटरांवर येतो, म्हणून पश्चिमेकडे १५०. पुढे शाळेतला पायथागोरस पुरतो : ३०९ किलोमीटर. रेल्वेने हेच अंतर सुमारे ५१८, कारण गाडी मिरज, सातारा, पुणे असा वळसा घेते.

एवढ्या टप्प्यात पृथ्वीचा गोलावा विसरला तरी चालते. लांबच्या मार्गाला गोलीय त्रिकोणमिती लागते आणि तिची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. ‘सिद्धान्तशिरोमणि’ (११५०) मध्ये भास्कराचार्यांनी प्रश्न उलटा घातला : दक्षिणोत्तर रेषेवरच्या दोन गावांमधले अंतर आणि त्यांच्या अक्षांशांतला फरक ठाऊक असेल, तर पृथ्वीचा परीघ किती? त्यांचे उत्तर ४९६७ योजने. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. या विषयाच्या विद्यार्थ्याने एकदा तिकडे जाऊन यावेच.

वेळेचा हिशेब इतका सरळ नाही. ताशी ५०० किलोमीटरने जाणाऱ्या एटीआर विमानाला ३०९ किलोमीटरला ३७ मिनिटे पुरावीत. वेळापत्रक मात्र तासाभराची वेळ धरते. विमान जागचे हलल्यापासून मुक्कामी उभे राहीपर्यंतचा सगळा काळ त्यात येतो : धावपट्टीपर्यंतची संथ चाल, चढण, उतरण, वाऱ्यावर ठरणारी उतरण्याची दिशा. शिवाय मुंबई! तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी बहुधा एकच वापरात असते. रांग लागली की विमान आकाशातच घिरट्या घालते. मार्ग जितका लहान, तितका हा वरखर्च डोळ्यांत भरतो. हैदराबाद ४४५ किलोमीटरवर, म्हणजे जवळपास दीडपट. वेळ त्या प्रमाणात वाढत नाही. वेळ साधनांनुसारही बदलते : १८९१मध्ये मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली, १९३९मध्ये राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत विमानतळ झाला. ३०९चा आकडा तोच राहिला. बदलत गेले ते तास.

पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी पृथ्वीगोल आणि दोरा जवळ घ्या. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो आइसलँडच्या आसपास जाईल. खरी विमाने त्याच रेषेवरून जातील असे नाही. वारे आणि देशादेशांची बंद आकाशे मध्ये येतात. त्यांचा विचार तिसऱ्या प्रकरणात आहे.