‘हायपो’ की ‘हायपर’? डिस्चार्ज कार्डवरचा लांबलचक इंग्रजी शब्द असा फोडा

दवाखान्यातून घरी आल्यावर डिस्चार्ज कार्डवर ‘हायपोग्लायसेमिया’सारखा शब्द दिसतो आणि आपण कागदाची घडी घालून पिशवीत ठेवून देतो. पण असा शब्द फोडता येतो, तोही दोन तऱ्हेने.

पहिली तऱ्हा उच्चाराची: हाय-पो-ग्लाय-सी-मि-या. सहा तुकडे. फोनवर कुणाला शब्द वाचून दाखवायला ही बरी. दुसरी अर्थाची, त्यात तुकडे तीनच. हायपो म्हणजे कमी, ग्लायस म्हणजे गोड किंवा साखर, एमिया म्हणजे रक्तात. रक्तातली साखर कमी झाली, एवढंच! हे तुकडे मूळ ग्रीक भाषेतले. स्पेलिंगमधलं ‘सी’ हे अक्षर बोलताना पुढच्या तुकड्यात जातं, अर्थ लावताना मात्र मागच्या ‘ग्लाय’ला चिकटतं. म्हणून नुसते उच्चाराचे तुकडे पाडून अर्थ लागत नाही.

खरा घोळ होतो ‘हायपो’ आणि ‘हायपर’मध्ये. दोन्हीची पहिली तीन अक्षरं सारखीच, एच-वाय-पी. चौथं अक्षर बघा. ‘ओ’ असेल तर कमी, ‘ई’ आणि पुढे ‘आर’ असेल तर जास्त. हायपरटेन्शन म्हणजे बीपी वाढलेलं, हायपोटेन्शन म्हणजे उतरलेलं.

शुगरच्या पेशंटसाठी हे एक अक्षर फार मोठं आहे. गोळी किंवा इन्सुलिन घेतलं, जेवण राहिलं आणि वर शेतात कष्ट झाले, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली येऊ शकते. घाम, थरथर, गरगरणं सुरू होतं. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. कार्डवर ‘हायपर’ असेल, म्हणजे साखर वाढलेली असेल, तर हाच उपाय उलटा पडतो.

शब्दाची शेपटीही बघत जा. ‘आयटिस’ म्हणजे सूज, जसं अपेंडिसायटिस. ‘स्कोपी’ म्हणजे दुर्बिणीतून बघणं. ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणं. हिस्टेरोस्कोपीत गर्भाशय आतून तपासतात, हिस्टरेक्टॉमीत ते काढूनच टाकतात. सुरुवात सारखी असल्यानं घाईत दोन्ही शब्द एकच वाटतात. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी शेपटीवर बोट ठेवून डॉक्टरांना विचारा, ‘बघणार आहात की काढणार आहात?’